एकाहत्तरावं मिनिट

मर्सा युनिव्हर्सिटी शारजात आहे आणि जबल युनिव्हर्सिटी रास अल खैमात, डोंगराच्या पायथ्याशी. दरवर्षी फेब्रुवारीत या दोघींच्या फुटबॉल टीम एकमेकींशी खेळतात. बाकीचे सामने हरले तरी कोणी फार बोलत नाही, हा हरला की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी मर्साच्या पब्लिकेशन्स विभागात नऊ वर्षं नोकरी करते आहे आणि मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून धड सांगता येत नाही. तरी सामन्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस पानं, फोटोंसकट, फेब्रुवारीच्या आत.

जुने कागद तळघरातल्या स्टोअरमध्ये होते. आदल्या एप्रिलमध्ये पावसानं जे केलं त्यात ते तळघर पार भरलं होतं. अल नहदात आमच्या बिल्डिंगखालून लोक रबरी होड्यांतून जात होते, तिथे फायलींचं काय घेऊन बसायचं. स्पोर्ट्स ऑफिसमधला माणूस म्हणाला, "मॅम, रेकॉर्ड खलास. जहूरभाईला विचारा. तो पहिल्या मॅचपासून आहे."

जहूर होडेकर हे आमचे ग्राउंड सुपरवायझर. गाव दापोली तालुक्यातलं हर्णै. मी त्यांना इतकी वर्षं लांबून पाहत आले होते. उंच, सडपातळ, निळी टोपी घातलेले, नेहमी मान खाली घालून गवताकडे बघत चालणारे. मराठी आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी जाऊन हिंदीत सुरुवात केली, तर म्हणाले, "मराठीत बोला मॅडम. घरात आमची कोकणी, पण शाळा मराठीच."

मैदानाच्या कडेला त्यांची एक पत्र्याची खोली आहे. गवत कापायची मशीन, रंगाचे डबे, पाइपांची वेटोळी. तिथे दोन खुर्च्या टाकून ते मला इतिहास सांगायला लागले. जानेवारीचे दिवस होते, दुपारी बसता येत होतं.

त्यांना सामने गवतावरून आठवत. "दोन हजार साल, पहिली मॅच. तेव्हा गवत नव्हतं. रेती. मी नुकताच लेबर म्हणून लागलो होतो. चुन्याच्या लाइनी मारल्या, वारा सुटला, हाफ टाइमपर्यंत अर्ध्या उडाल्या. एक-एक बरोबरी झाली. द्यायला कपही नव्हता. आपल्या रजिस्ट्रारसाहेबांनी घरच्या मजलिसमधला, म्हणजे दिवाणखान्यातला, पितळी दल्ला आणून दिला." दल्ला म्हणजे अरबी कॉफीची चोच असलेली किटली. बरोबरी झाल्यामुळे तो सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहिला, आणि पुढे सगळं भांडण त्या दल्ल्यावरून.

दोन हजार तीनला जबलनं चार-शून्यनं धुतलं आणि दल्ला गाडीच्या टपावर बांधून हॉर्न वाजवत रास अल खैमापर्यंत नेला. त्या वर्षी गवत पहिल्यांदा लागलं होतं, कोपऱ्यांत पिवळं होतं. दोन हजार सहाला सकाळी जहूरभाई आले तर आपल्या गोलपोस्टला एक बकरी बांधलेली. जबलवाले स्वतःला डोंगरी बकरे म्हणवतात, त्यांचीच करणी. बकरीनं गोलसमोरचं गवत मुळापासून खाल्लं होतं. "तीन दिवस मी तिला सांभाळली. मग त्यांचा ड्रायव्हर माफी मागून घेऊन गेला." दोन हजार नऊला पेनल्टीवरून दोन्ही कोच एकमेकांच्या अंगावर गेले. दोन हजार अकरापासून मुलींचा सामनाही सुरू झाला.

हे सगळं ते एका सुरात सांगत. बकरी आणि मारामारी, दोन्ही सारखंच. मी हसले की थांबत, माझं हसू संपायची वाट बघत, आणि पुढे सांगायला लागत. दोन हजार तेरापर्यंत आलो. "मग दोन हजार सतरा," ते म्हणाले.

"मधली तीन वर्षं?"

"पंधरा-सोळाला मॅच झाली नाही."

"आणि चौदाला?"

"चौदाची एकाहत्तराव्या मिनिटाला थांबली. तेवढंच लिहा."

मी परत आले आणि ऑनलाइन शोधलं. विद्यार्थ्यांच्या एका जुन्या मॅगझिनचं पान सापडलं. मर्साचा कॅप्टन निखिल राजाध्यक्ष याच्या गुडघ्यावर जबलच्या एका खेळाडूनं बुटाचे खिळे रोखून उडी घेतली, गुडघा मोडला, निखिल पुन्हा खेळू शकला नाही. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना थांबला, दोन वर्षं बंद राहिला. चौकशी समितीनं त्या खेळाडूला दोषी ठरवलं. त्याला एके काळी मर्सानं ट्रायलमध्ये नाकारलं होतं, त्याचा राग त्यानं काढला, असं समितीचं म्हणणं. खेळाडूचं नाव उमर होडेकर.

दुसऱ्या दिवशी मी जहूरभाईंना विचारलं, "उमर तुमच्या नात्यातला का?"

"माझा मुलगा," ते म्हणाले, आणि रंगाच्या डब्याचं झाकण लावायला वाकले.

मला वाटलं, एका बापाला याहून जास्त विचारू नये. बाकीचं मी बाहेरून गोळा करायचं ठरवलं. निखिलचा पत्ता लागला. तो बर दुबईत एका इन्शुरन्सच्या ऑफिसात मॅनेजर आहे. अजून चालताना उजवा पाय किंचित ओढतो, आणि जिन्यावर आधी डावा पाय ठेवतो. मीना बाजारच्या मागे एका उडप्याकडे आम्ही डोसा खाल्ला. बोलायला मोकळा माणूस.

"दोन ऑपरेशनं झाली. राग होता खूप. पण तो मुलगा नंतर सरळ वागला," निखिल म्हणाला. "वर्षानं पत्र लिहिलं मला. हातानं. थांबा, फोटो आहे."

पत्र इंग्रजीत होतं, एका पानाचं. उमरनं लिहिलं होतं की तो आधी म्हणत होता, पळताना पायात काहीतरी अडकलं आणि तोल गेला. पण मैदानात अडकण्यासारखं काही नव्हतं हे सगळ्यांनी तपासलं आहे. तेव्हा त्यानं स्वतःशी प्रामाणिक व्हायचं ठरवलं आहे. मर्साची निळी जर्सी बघून त्याच्या मनात राग होता आणि तो त्यानं निखिलच्या पायावर काढला. मी हे मुद्दाम केलं, मला माफ कर. खाली सही.

मी पत्रातल्या दोन ओळी घेऊन माझा परिच्छेद लिहिला. छापायच्या आधी जहूरभाईंना दाखवणं बरं, असं मला वाटलं. त्यांच्या मुलाबद्दल होतं. मी खोलीत जाऊन कागद त्यांच्या हातात दिला आणि फोनवर पत्राचा फोटो दाखवला. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येतं. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. फोनचा प्रकाश गेला की मी पुन्हा बोट लावून चालू करत होते.

"हे त्यानं लिहिलं?"

"निखिल म्हणाला, अपघातानंतर एका वर्षानं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "त्यानं नाही केलं मॅडम. मुंडी वर होती."

गवतावर पाणी मारायला जमिनीत पाइप पुरलेले असतात. पाणी सोडलं की त्यातून स्प्रिंकलर वर येतात, पाणी बंद केलं की स्प्रिंगनं खाली बसतात. त्यांना हे लोक मुंडी म्हणतात. दोन हजार चौदाच्या त्या आठवड्यात डाव्या अंगाच्या एका मुंडीची स्प्रिंग गेली होती. ती पुरती खाली बसत नव्हती, तीन बोटं वर राही. जहूरभाईंनी नवीन मागितली होती, पर्चेस ऑफिसनं पुढच्या आठवड्यात म्हटलं होतं. सामन्याच्या सकाळी त्यांनी ती पायानं दाबून खाली बसवली, वर रेती टाकली, आणि मैदान तपासल्याच्या फॉर्मवर सही केली. सगळं ठीक.

"दाबली की बसायची. मला वाटलं, दोन तास बसेल."

एकाहत्तराव्या मिनिटाला उमर त्या अंगानं पळत होता. जहूरभाई गोलच्या मागे उभे होते. वर्षातून एकदाच त्यांचा मुलगा त्यांच्या मैदानावर खेळे, आणि त्यांच्या अंगात मात्र मर्साचा निळा शर्ट असे. त्यांनी उमरचा डावा पाय अडकताना पाहिला. मग तो आडवा होऊन घसरत गेला आणि निखिलच्या गुडघ्यात शिरला. आवाज गोलपर्यंत आला, असं ते म्हणाले. स्ट्रेचर त्यांनीच आणलं. निखिलला उचलताना त्यांनी बाजूला पाहिलं, तर रेती उडाली होती आणि मुंडी वर होती.

मैदानात पोरं घुसली, पोलीस आले, संध्याकाळी सातपर्यंत सगळे गेले. फ्लडलाइट अजून चालू होते, त्यांचा उजेड होता. जहूरभाईंनी ती मुंडी खोलून काढली, कॉर्नरच्या बाहेरची एक चांगली मुंडी उपसून तिच्या जागी बसवली, गवत दाबलं, पाणी मारलं. वीस मिनिटांचं काम.

"उमर ओरडून सांगत होता ना, पाय अडकला म्हणून?" मी विचारलं.

"हो. रेफ्रीला सांगत होता. मला नाही सांगितलं. माझ्याकडे बघितलं फक्त."

दुसऱ्या दिवशी समितीनं मैदान पाहिलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. लांब टेबल, एका बाजूला दोन्ही युनिव्हर्सिटीचे मिळून पाच जण, समोर उमर. जहूरभाईंना शेवटी आत घेतलं. उमरच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पण ते उभेच राहिले. एका साहेबानं विचारलं, "ग्राउंडमध्ये काही प्रॉब्लेम होता?"

"मी म्हटलं, नो सर. ग्राउंड ओके."

"उमरनं काही म्हटलं?"

"नाही. मान खाली घातली."

मी का विचारलं नाही, तुम्ही असं का केलंत म्हणून, ते मला अजून कळत नाही. विचारायची गरजही पडली नाही. ते स्वतःच सांगत होते, त्याच सुरात, जशी बकरी सांगितली होती. फॉर्मवर सही होती. नोकरी गेली असती. नोकरीवर व्हिसा, त्यांच्या व्हिसावर बायको हलिमाचा, आठ वर्षांच्या मुलीचा, फिझाचा, आणि शिकत होता म्हणून उमरचाही. "मी हिशोब केला, मी बोललो तर चौघं जातात. नाही बोललो तर उमरला दोन-तीन मॅचची बंदी लागेल. लहान आहे, पुढे खेळेल."

लागली ती कायमची बंदी. स्कॉलरशिप त्याच महिन्यात गेली. उमर वीस वर्षांचा होता. तो रास अल खैमात एका टाइल्सच्या कारखान्यात डिस्पॅचला लागला, आणि अजून तिथेच आहे. लग्न केलेलं नाही. भांडला नाही कधी. दोन्ही ईदला येतो, फळं आणतो, आईच्या हातचं जेवतो, बापाला तब्येत विचारतो, संध्याकाळी परत जातो. फुटबॉल टीव्हीवर लागला तर उठून बाल्कनीत उभा राहतो.

"मला वाटायचं, त्याला माहीत आहे. अडकला तो, त्यालाच माहीत असणार," जहूरभाई म्हणाले. "मला वाटायचं, तो मला वाचवायला गप्प आहे." त्यांनी पुन्हा माझ्या फोनकडे बोट केलं. "हे असेल असं नाही वाटलं."

दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, उमरकडे न्याल का. गाडी त्यांना चालवता येते, पण म्हणाले, "एकटा गेलो तर बोलणार नाही. आजवर दहा वेळा गेलो असेन. चहा पिऊन आलो." मी फोन करून उमरला एवढंच सांगितलं की युनिव्हर्सिटीचं पुस्तक करते आहे आणि त्याचे वडील माझ्याबरोबर आहेत.

शनिवारी सकाळी निघालो. तासाभराचा रस्ता. जहूरभाई पूर्ण वेळ सीटबेल्टची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसले होते. वाटेत एकदाच बोलले. रस्त्याकडेच्या एका गोल्फच्या मैदानाकडे बघून म्हणाले, "पाणी जास्त मारतात."

कारखान्याच्या गेटासमोर एका मल्याळी माणसाचं कॅफेटेरिया आहे. उमर जेवणाच्या सुट्टीत आला. एकतीस वर्षांचा, बापासारखाच उंच, शर्टावर पांढरी धूळ. वडिलांना सलाम केला, मला "हॅलो मॅम" म्हणाला, तिघांसाठी करक, म्हणजे कडक दुधाळ चहा सांगितला. मी दुसऱ्या टेबलावर जायला उठले, तर जहूरभाईंनी हातानं बसा अशी खूण केली.

"उमर," ते म्हणाले, "त्या दिवशी मुंडी वर होती."

उमरला काही कळलं नाही. "कुठली मुंडी?"

"तुझा पाय अडकला ती. डाव्या बाजूची. स्प्रिंग गेली होती. मला माहीत होतं. मॅच झाल्यावर मी बदलली."

चहा आला. कॅफेटेरियातला पोऱ्या तीन कागदी कप ठेवून गेला. उमर कपाकडे बघत राहिला.

"बदलली म्हणजे?"

"संध्याकाळीच. कमिटी यायच्या आधी."

"सो देअर वॉज समथिंग," उमर हळू म्हणाला. मग त्यांच्या घरच्या बोलीत, "म्हणजे होतं तिथे काहीतरी."

"होतं."

"अब्बा, मी तिथे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी, कमिटीबरोबर. मी हातानं चाचपून बघितलं. सगळं फ्लॅट होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. तो एखादी ऑर्डर तपासावी तसा एक एक गोष्ट तपासत होता. "मग तुम्ही आत आलात आणि म्हणालात, ग्राउंड ओके. मी म्हटलं, अब्बांना प्रत्येक गवताची काडी माहीत आहे. ते म्हणतायत ओके, तर ओकेच असणार. मग माझ्या पायात काय अडकलं? काही नाही अडकलं. मग मीच मारलं असणार त्याला. दॅट वॉज द ओन्ली थिंग लेफ्ट."

जहूरभाई कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

"मी वर्षभर झोपताना तेच बघायचो. आधी अडकायचो. मग हळूहळू अडकायचं बंद झालं. मग मला दिसायला लागलं, मी मुद्दाम पाय वर घेतोय. स्पष्ट दिसायला लागलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी निखिलला लिहून दिलंय तसं."

"निखिलनं मला दाखवलं," मी म्हटलं.

"उमर, चूक झाली," जहूरभाई म्हणाले. "माफ कर."

उमरनं घड्याळ पाहिलं. सुट्टी संपायला बारा मिनिटं होती. त्यानं चहा संपवला, सगळ्यांचे पैसे दिले, आणि उभा राहिला. "अम्मीला माहीत आहे?"

"नाही."

"सांगा तिला," तो म्हणाला. "मला ट्रक लोड करायचा आहे." आणि रस्ता ओलांडून गेटातून आत गेला. परतीच्या वाटेवर जहूरभाईंना झोप लागली. मान काचेवर, तोंड किंचित उघडं. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये शिरेपर्यंत ते उठले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी हलिमाभाभींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पोळ्या पूर्ण केल्या, फिझाला वाढलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून त्या उमरकडे गेल्या. तिथे दोन खोल्यांत उमर आणखी एका मुलाबरोबर राहायचा. तो मुलगा दुसरीकडे गेला आणि भाभी तिथेच राहिल्या. फिझा कॉलेज संपलं की कधी इकडे, कधी तिकडे.

जहूरभाईंनी लेखी जबाब दिला. इंग्रजी मी लिहिलं, त्यांनी वाचून सही केली. मला वाटलं होतं, मोठा गहजब होईल. एचआरनं आठवड्यानं त्यांना बोलावलं. अकरा वर्षांपूर्वीचं प्रकरण, समितीतले तीन जण देश सोडून गेलेले, आणि जूनमध्ये जहूरभाई साठ पूर्ण होऊन निवृत्त होणारच होते. त्यांना एक वॉर्निंग लेटर दिलं. पुन्हा असं घडल्यास कडक कारवाई करण्यात येईल, असं त्यात होतं. ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. ज्या पत्राच्या भीतीनं ते अकरा वर्षं गप्प राहिले ते हेच, असं मला वाटून गेलं, पण मी बोलले नाही.

जबलच्या स्पोर्ट्स ऑफिसनं उमरला ई-मेल पाठवली. नव्यानं आलेली माहिती लक्षात घेता त्याच्यावरची बंदी रद्द करण्यात येत आहे. उमरनं एका शब्दात उत्तर दिलं, "नोटेड."

निखिलला मी स्वतः जाऊन सांगितलं. जहूरभाई बरोबर आले. निखिलनं त्यांचं सगळं ऐकलं. "अंकल, तुम्ही रोज हॉस्पिटलात यायचात. नारळपाणी आणायचात," तो म्हणाला. "मला वाटायचं, मुलाच्या वतीनं येताय."

"नाही," जहूरभाई म्हणाले. "माझ्याच वतीनं."

निखिलनं उजवा पाय टेबलाखाली लांब केला. मग म्हणाला की त्याला राग येईल बहुतेक, पण आज नाही येत आहे. उमरचा नंबर मात्र त्यानं माझ्याकडून घेतला.

माझा परिच्छेद बॉसनं कापला. पुस्तिकेत छापून आलं ते असं: दोन हजार चौदाचा सामना एकाहत्तराव्या मिनिटाला थांबवण्यात आला, त्यानंतर दोन वर्षं खंड पडला. नावं नाहीत. बकरीला पूर्ण पान मिळालं, फोटोसकट. मी भांडले, पण फार नाही. माझाही व्हिसा याच नोकरीवर आहे.

फेब्रुवारीतला सामना आमच्याच मैदानावर झाला. मर्सा तीन, जबल दोन. पोरांनी दल्ला डोक्यावर घेऊन नाच केला. जहूरभाईंनी सकाळी मैदान तीनदा तपासलं, लाइनी मारल्या, आणि सामना सुरू झाल्यावर ते खोलीत जाऊन मशीनची पाती धूत बसले. मी मध्ये एकदा डोकावले. "किती झाले?" असंही त्यांनी विचारलं नाही.

मार्चअखेर ईद आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच उमर आला नाही. भाभीही आल्या नाहीत. फिझा सकाळी येऊन डबा देऊन गेली. मी दुपारी भेटायला गेले, तर जहूरभाई नवा कुर्ता घालून सोफ्यावर एकटे बसले होते. टीव्ही बंद. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार करून उत्तर शोधत होते. "काही नाही वाटत," ते म्हणाले. "वाटलं होतं, सांगितल्यावर रडू येईल. नाही आलं. पाय जड वाटतात फक्त."

त्यांनी मला शिरखुर्मा दिला, गरम करायचा राहिला होता. मी तसाच खाल्ला.

एप्रिल तसाच गेला. मेच्या मधल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, ग्रॅच्युइटीच्या फॉर्मचं काही असेल. पण म्हणाले, "मॅडम, काल उमर आला होता."

"हो? मग?"

"ओरडला. खूप ओरडला. जुम्म्याची नमाज झाल्यावर आला, तेव्हापासून अस्रच्या अजानपर्यंत, दोन-तीन तास. मला काय काय बोलला. शेजारचा सुदानी बघायला आला, काय झालं म्हणून. त्यालाही ओरडला." त्यांचा सूर तसाच होता, पण ते नेहमीपेक्षा भराभर बोलत होते. "ताट फेकलं त्यानं. लहानपणीही कधी फेकलं नव्हतं. मला म्हणाला, तुम्ही माझं डोकं खराब केलंत, मी मला स्वतःला ओळखत नव्हतो. अम्मी मध्ये पडायला लागली तर तिला म्हणाला, तू बस."

"भाभी पण आल्या होत्या?"

"तीच घेऊन आली त्याला."

मी विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. मी बसून ऐकलं. उठलो नाही." पुढे म्हणाले, "मग घसा बसला त्याचा. हलिमानं भात केला होता. जेवला. जाताना सलाम नाही केला."

"आणि भाभी?"

"गेली त्याच्याबरोबर. म्हणाली, पुढच्या जुम्म्याला येतो."

पुढच्या शुक्रवारी ते आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. जूनमध्ये जहूरभाई निवृत्त झाले. स्पोर्ट्स ऑफिसनं केक कापला, शाल दिली, ग्रुप फोटो काढला. नोकरीबरोबर त्यांचा व्हिसाही जाणार होता, देश सोडायला थोडे दिवस होते. उमरनं आईवडिलांना आपल्या व्हिसावर घ्यायचे कागद आणले होते, आईच्या फॉर्मवर सही केली होती, वडिलांचा फॉर्म मात्र सही न करता त्यांच्या टेबलावर ठेवला होता. मी परवा गेले तेव्हा तो तसाच होता. जहूरभाई त्याला हात लावत नव्हते. उमर गुरुवारी ट्रकबरोबर दुबईला येणार आहे, तेव्हा येतो म्हणाला आहे.